काचपेटीतला शेजार



तालुक्याच्या गावी बाजारात आता रंगीत माशांचे एखादे तरी दुकान असतेच. शाळेला कोणी माजी विद्यार्थी काचेची पेटी भेट देतो. ती हेडमास्तरांच्या खोलीबाहेर मांडली जाते आणि मासे आणायला एक गुरुजी तालुक्याला जातात. दुकानदाराला सांगतात, "प्रत्येक रंगाचे दोन-दोन द्या." मग दोन सोनेरी, दोन पट्ट्यापट्ट्यांचे, दोन लांब शेपटीचे, दोन काळे, आणि काच साफ करतो म्हणून तळाला चिकटणारा एक, असे नऊ मासे पिशवीतून शाळेत येतात. पहिल्या दिवशी पेटीभोवती साऱ्या शाळेची गर्दी! पंधरा दिवसांनी मोजावे तर चार उरलेले. काही मेले ते दिसले. काही मात्र नाहीसेच झाले. मग कोणी म्हणते, आमच्याकडचे पाणीच वाईट. कोणी म्हणते, हे नाजूक प्रकरण, आपल्याला जमायचे नाही.

पाण्याचा दोष कधी असतोही. पण पुष्कळ वेळा दोष असतो तो शेजाराचा. ज्यांनी एकत्र राहायचेच नव्हते त्यांना आपण एका खोलीत कोंडलेले असते. गोड्या पाण्याच्या पेटीत कोणता मासा कोणाबरोबर ठेवावा आणि कोणाबरोबर ठेवू नये, एवढ्याच गोष्टीबद्दल आज मी बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ओढ्याच्या डोहात तर सगळे एकत्रच नांदतात की. मरळ असते, वाम असते, शिंगाडा असतो, आणि त्यांच्या नाकासमोर बोटभर माशांचे थवेही फिरत असतात. खरे आहे. पण नीट पाहा, त्या थव्याला पळायला वाट असते. कडेला उथळ पाणी आहे, लव्हाळ्याची मुळे आहेत, दगडांच्या कपारी आहेत. मरळीने झडप घातली तर दहांतला एक सापडतो, नऊ सुटतात. पेटीची लांबी किती? बहुधा दोन फूट. ह्या टोकाला मारणारा आणि त्या टोकाला मार खाणारा, मध्ये फक्त पाणी. नदीत जे भांडण एका पळीत मिटते, ते पेटीत रात्रंदिवस चालू राहते. मार खाणारा मासा कोपऱ्यात, पृष्ठभागाशी, पर मिटून उभा राहतो. खायला पुढे येत नाही. आठ दिवसांत अंगावर पांढरे डाग उठतात आणि मरतो. आपण म्हणतो रोगाने मेला. रोग नंतर आला हो, आधी शेजारी आला!

ही शेजाराची विद्या आपल्याकडे अगदीच नवी नाही. ज्यांनी गावतळ्यात किंवा शेततळ्यात मासे पाळले आहेत त्यांना ती ठाऊक आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एका तळ्यात का सोडतात? कटल्याचे तोंड वर वळलेले. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली. तो तळाशी गाळावर जगतो. एकाच वाड्याचे तीन मजले, तीन बिऱ्हाडे, आणि कोणाची चूल कोणाच्या आड येत नाही. १९५९ साली परदेशातून चंदेऱ्या आणि गवत्या हे आणखी दोन मासे आपल्या देशात आणले गेले आणि पुढे तेही ह्या जोडणीत बसवले गेले. शिवाय बीज सोडण्यापूर्वी जाणता मत्स्यशेतकरी काय करतो? तळ्यातल्या मरळ, शिंगाडा अशा खाऊ माशांचा निकाल लावतो. त्यासाठी मोहाची पेंड वापरतात. हेक्टरभर तळ्याला, पाणी मीटरभर खोल असेल तर, सुमारे २५०० किलो. म्हणजे कोणाला घ्यायचे ह्याच्या आधी कोणाला घ्यायचे नाही हे ठरते. पेटीच्या बाबतीतही विचाराचा क्रम हाच ठेवा.

फरक एक आहे. तळ्यात अन्नावरून वाटणी होते. पेटीत अन्न आपण घालतो, म्हणून तिथे चार निराळ्या गोष्टी पाहाव्या लागतात: तोंड, स्वभाव, पाणी आणि जागा.

तोंडापासून सुरुवात करू, कारण नाहीशा झालेल्या माशांचे कोडे तिथेच सुटते. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. ह्यात दुष्टपणा काही नाही. चिमणी अळी उचलते तसेच ते आहे. दुकानात एंजल म्हणून चपटा, उभ्या पत्त्यासारखा, लांब परांचा सुंदर मासा मिळतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. तिथलाच निऑन टेट्रा हा निळ्या-तांबड्या रेघेचा बोटाच्या पेरभर मासा. दोघे एकाच देशचे म्हणून एका पेटीत ठेवतात. लहानपणी चालते. एंजल वाढला की एकेक निऑन कमी होऊ लागतो. ऑस्कर नावाचा मासा दुकानात दोन इंचांचा असतो, गोजिरवाणा दिसतो, हातातून दाणा घेतो. तो फूटभर वाढतो. शाळेच्या पेटीत तो आणणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात बोक्याचे पिल्लू आणून ठेवणे.

आणि रात्रीचे चोर वेगळेच. मिशीवाले मासे, म्हणजे आपला शिंगाडा आणि त्याची भावंडे, दिवसा दगडाआड स्वस्थ पडून असतात. मुले म्हणतात, गुरुजी, हा किती गरीब आहे! दिवे मालवले की तो उठतो. मिशांनी चाचपत फिरतो आणि झोपलेले लहान मासे गिळतो. सकाळी पुन्हा दगडाआड. पेटीतला मासा मेलेलाही दिसत नाही आणि जिवंतही सापडत नाही, तर आधी झाकण नीट आहे का ते पाहा, कारण काही मासे उडी मारतात. आणि झाकण नीट असेल तर मिशीवाल्याचे पोट पाहा.

शिक्षकांसाठी एक सूचना. मासा विकत घेताना दुकानात तो आज केवढा आहे हे विचारू नका. पुरा वाढल्यावर केवढा होतो, हे विचारा. दुकानात बहुतेक मासे पोरवयाचेच असतात. दुकानदाराला सांगता आले नाही तर तो मासा घेऊ नका. पैसे वाचतील आणि जीवही.

आता स्वभाव. काही मासे तोंडाने लहान असतात, गिळू शकत नाहीत, पण छळतात. टायगर बार्ब म्हणून काळ्या पट्ट्यांचा मासा आहे. चपळ, देखणा आणि फार खोडकर. कोणाचीही लांब शेपटी हलताना दिसली की तो तिचा लचका तोडतो. त्याला एंजलबरोबर किंवा लांब पिसाऱ्याच्या गप्पीबरोबर ठेवले तर महिन्याभरात त्यांच्या परांच्या चिंध्या होतात. गंमत अशी की हा खोडकर मासा एकटा-दुकटा असला म्हणजे जास्त त्रास देतो. आठ-दहांचा थवा असला की आपापसांतच त्यांची पळापळ आणि मानापमान चालतात, आणि शेजाऱ्यांकडे लक्ष कमी जाते. एकट्या रिकामटेकड्याचे आणि कामात गुंतलेल्या घोळक्याचे जे आपण गावात पाहतो, तेच.

म्हणून ते "प्रत्येकी दोन-दोन" फार घातक आहे. थव्याने राहणारा मासा दोनच्या संख्येत निर्धास्त नसतो. झेब्रा, टेट्रा, बार्ब हे सारे थव्याचे मासे. ते निदान सहा तरी हवेत. जाती थोड्या, मासे प्रत्येक जातीचे पुरेसे, असा हिशेब धरावा. पाच जातींचे दोन-दोन मासे ठेवण्यापेक्षा एकाच जातीचे सहा ठेवले तर पेटी अधिक शोभते. सहाजण एकदम वळतात, एकदम थांबतात. ते पाहायला मुले मधल्या सुटीत हटत नाहीत.

दुसऱ्या टोकाला एकलकोंडे. फायटर मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. दोन नर एका पेटीत ठेवले तर ते लढतात, आणि हरलेल्याला पळायला जागा नसल्याने तो बहुधा मरतो. नुसता दुसरा फायटरच त्याला नको असतो असेही नाही. लांब रंगीत शेपटीचा गप्पी नर पाहूनसुद्धा त्याचा गैरसमज होतो. फायटर हवाच असेल तर त्याला एकट्याला द्यावे आपले घर. फ्लॉवरहॉर्न नावाचा कपाळावर टेंगूळ असलेला मासा हल्ली शहरात फार चालतो, तोही असाच. त्याचा शेजारी म्हणजे फक्त काचेतले त्याचे प्रतिबिंब, आणि त्याच्याशीही तो भांडतो.

नर-मादीचे प्रमाणही स्वभावातच मोडते. गप्पी नर दिवसभर मादीचा पाठलाग करतो. एक नर, एक मादी ठेवली तर ती बिचारी थकून जाते. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, म्हणजे तो त्रास वाटला जातो.

तिसरी गोष्ट पाणी. इथे आपण राहतो कुठे ह्याचा संबंध येतो, म्हणून थोडे सावकाश सांगतो. देशावरच्या काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. तपासायला प्रयोगशाळा नको. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. आपल्या घरच्या माउलीला ते कुणाही मास्तरापेक्षा आधी कळते. कोकणात जांभ्या दगडातले पाणी बहुधा हलके असते. आता मासे पाहा. गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना जड पाणी मानवते. मॉलीला तर हलक्या पाण्यात सुखच वाटत नाही. उलट निऑन टेट्रा, डिस्कस हे हलक्या पाण्याचे. म्हणजे मॉली आणि निऑन ह्यांच्यात भांडण नाही, तोंडाचा प्रश्न नाही, तरी ते चांगले शेजारी नव्हेत. एकाला जे पाणी गोड ते दुसऱ्याला बाधते. अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेने विहिरीच्या पाण्यावर गप्पी आणि मॉली पाळावेत, निऑनच्या मागे लागू नये. पाण्याशी झुंजण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा आणणे स्वस्त पडते.

नळाचे पाणी असेल तर ग्रामपंचायतीने टाकीत ज्या दिवशी टीसीएल पावडर टाकली त्या दिवशीचे पाणी थेट पेटीत ओतू नका. त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. बादलीत दिवसभर उघडे ठेवून मगच वापरा.

उष्णतेचेही असेच. सोनेरी मासा, ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो, तो चीनमध्ये शेकडो वर्षे पाळून सिद्ध केलेला थंड पाण्याचा मासा. अठरा ते बावीस अंश सेल्सियस पाणी त्याला आवडते. एंजल, गुरामी वगैरेंना चोवीस ते अठ्ठावीस लागते. दोघांना एकत्र ठेवले की एकाला तरी गैरसोय ठरलेली. शिवाय पाणी जितके तापते तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसातच. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखात गोल्डफिश पाण्यावर तोंड काढून धापा टाकतो तो ह्याच कारणाने. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला म्हणजे तर विचारू नका. फायटर आणि गुरामी ह्यांना हवेतून श्वास घेण्याची सोय असते, आपल्या मरळीसारखी. त्यांचे त्यातल्या त्यात निभते. बाकीच्यांसाठी उपाय एकच, पेटी उथळ आणि पसरट असावी, म्हणजे हवेला लागणारे पाणी जास्त, आणि मासे कमी असावेत. त्या गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश घालून टेबलावर ठेवतात, ते मला तरी पाहवत नाही. हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर तरी वाढतो. पाणी घाण करण्यातही त्याचा हात धरणारा दुसरा नाही. शाळेने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जागा. हा भाग गणिताचा आहे आणि तो वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा. पेटी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच. गुणाकार केला तर चोपन्न हजार घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. तळाला वाळू, वर चार बोटे मोकळी, म्हणजे पाणी राहिले ४५ लिटर. (जाता जाता, हे वजन पन्नास किलोच्या वर जाते. ते डगमगत्या टेबलावर ठेवू नका.) चार लिटर पाण्याला अडीच सेंटिमीटर मासा, असा एक ठोकळ हिशेब पूर्वीपासून चालत आला आहे. लांबी शेपूट सोडून, आणि पुऱ्या वाढलेल्या माशाची. ह्या हिशेबाने आपल्या पेटीत एकूण अठ्ठावीस सेंटिमीटर मासे मावतात. झेब्रा चार सेंटिमीटरचा धरा. सहा झेब्रे म्हणजे चोवीस. झाली पेटी भरली. "एवढेच?" म्हणून मुले हिरमुसतील. होय, एवढेच.

पण ह्या हिशेबात एक खोच आहे आणि ती हुशार विद्यार्थ्याला शोधू द्यावी. चार सेंटिमीटरचे तीन मासे आणि बारा सेंटिमीटरचा एक मासा ह्यांची लांबी सारखी भरते. मग दोन्ही सारखेच का? नाही. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि उंचीही दुप्पट होते. वजन होते आठपट. तिप्पट झाली तर सत्तावीसपट. म्हणजे बारा सेंटिमीटरचा एक मासा हा तीन नव्हे, सत्तावीस झेब्र्यांच्या वजनाचा असतो, आणि त्या मानाने खातो नि घाण करतो. म्हणून वरचा ठोकळा पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतच्या सडपातळ माशांनाच लावावा. ज्यांना घनमूळ शिकवायला उदाहरणे सापडत नाहीत त्यांनी हे जरूर घ्यावे.

तर मग प्रत्यक्षात काय ठेवावे? माझ्या समजुतीने खेड्यातल्या शाळेला दोन-तीन जोडण्या पुरतात. दोन फुटी पेटीत नुसते सहा झेब्रे. हा मासा परका नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना हॅमिल्टन ह्या संशोधकाने १८२२ साली त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वैद्यकीय संशोधनासाठी पाळतात. काटक, कोणाच्या अध्यात ना मध्यात. किंवा त्याच पेटीत एक गप्पी नर आणि दोन माद्या. हिशेबाने ते तेरा सेंटिमीटर होतात. उरलेली जागा भरायला जाऊ नका, ती त्यांची पोरे भरतील. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, साधारण महिन्यामहिन्याला.

तीन फुटी पेटी असेल, पाणी नव्वद लिटर, तर आठ झेब्रे आणि गप्पींचे ते तिघे एकत्र ठेवावेत. झेब्रे बहुधा वरच्या आणि मधल्या पाण्यात धावतात, गप्पी पानांपाशी रेंगाळतात. गप्पींची बरीचशी पिल्ले झेब्रे खातील, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड होते. पिल्लांची आई स्वतःही त्यांना सोडत नाही. दाट पाणवनस्पती असली म्हणजे चार-दोन वाचतात आणि पेटीची वस्ती आपोआप आटोक्यात राहते. गप्पी नको असतील तर त्यांच्या जागी बुटक्या गुरामीची एक जोडी ठेवा. तोही आपल्याच देशाच्या उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा. लाजाळू आहे, त्याला आडोशाला पाने हवीत.

मुले ओढ्यातून मासे धरून आणतील. आणू द्यावेत, गावचा मासा ओळखता येणे हे थायलंडचा मासा ओळखण्यापेक्षा मोलाचे आहे. फक्त निवड तीच, तोंड पाहून. खवल्यांचे, चंदेरी, थव्याने फिरणारे लहान मासे सहा-आठ आणावेत. मरळीचे पिल्लू पट्ट्यांमुळे फार सुरेख दिसते आणि मुलांचा हात आधी त्याच्याकडेच जातो, ते नको. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला, पाण्याच्या अगदी वर तरंगणारा छोटा मासा डबक्यात सापडतो, तो डासांच्या अळ्या खातो आणि चांगला आहे. पण त्याचे तोंड अंगाच्या मानाने मोठे, तेव्हा गप्पीच्या पिल्लांची आशा सोडावी लागते. आणि आणायचे ते थोडे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांत, लाल रेघेचा एक देखणा मासा राहतो. परदेशी बाजारात त्याला भाव आला आणि त्याची इतकी धरपकड झाली की तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नाव दिले ते सह्याद्रीवरूनच.

मासे आणले की सगळे एकदम सोडायचे नाहीत. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही तर जो उग्र दर्प येतो तोच हा. त्याचे विष मारणारे जिवाणू वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात हळूहळू वाढतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्या पंधरवड्यात जी मरतूक होते ती बहुतेक ह्यापायी. जुन्या पेटीतली ओंजळभर वाळू मिळाली तर ती विरजणासारखी कामाला येते. आधी दोन-तीन काटक मासे, पंधरा दिवसांनी आणखी काही, असे करावे. आणि क्रम असा ठेवावा की जो भिडस्त तो आधी, जो दांडगा तो शेवटी. आधी आलेला कोपरा धरून बसतो आणि घरमालक होतो. दांडगा आधी आला तर तो साऱ्या पेटीचाच मालक होतो. तसे झालेच असेल तर नवा मासा सोडण्यापूर्वी दगड आणि झाडे हलवून पेटीची मांडणी बदलावी. जुन्या मालकाचा सातबारा असा रद्द झाला की सगळेच नव्याने सुरुवात करतात. शक्य असेल तर नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. एकाचा रोग सगळ्यांना लागत नाही. पिशवी पेटीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग मासा सोडावा, हे बहुतेकांना माहीत असते.

आता उरला तो तळाला चिकटणारा, काच साफ करणारा मासा, ज्याला दुकानात सकर म्हणतात. त्याच्याबद्दल मुद्दाम शेवटी बोलतो आहे, कारण त्याचा शेजार पेटीपुरता राहिलेला नाही. हा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखतासारखे कवच असलेला मासा. दुकानात बोटाएवढा, वाढतो फूट-दीड फूट. दोन वर्षांत पेटीत मावेनासा होतो. मारायला जीव धजत नाही, ठेवायला जागा नाही. मग माणूस काय करतो? भूतदया म्हणून नदीत सोडून येतो. असे करून करून तो आज देशातल्या कितीतरी जलाशयांत शिरला आहे; आपल्या उजनीच्या धरणातही कोळ्यांच्या जाळ्यात तो येतो. त्याला कोणी विकत घेत नाही. कवचाच्या काट्यांनी जाळे फाटते. काठात तो बिळे पाडतो. दुसऱ्या माशाला तो खाण्याजोगा वाटत नाही, कारण त्याचे कवचच तसे. पेटीत ज्याने कोणाचे काही बिघडवले नाही, तो नदीत गेल्यावर साऱ्या कोळीवाड्याचा वाईट शेजारी झाला.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. उजनीकाठचे लोक ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापी आफ्रिकेतला. तो १९५२ साली आपल्या देशात आणला गेला, तळ्यांत झपाट्याने वाढला आणि देशी माशांच्या वाट्याचे खाऊ लागला. आफ्रिकेतला मांगूर चोरून आला. त्याचे पालन आपल्या देशात कायद्याने बंद आहे, तरी तो अधूनमधून पकडला जातोच. ही कामे मोठ्या माणसांनी केली, धंद्यासाठी केली. सकर मात्र बराचसा आपल्यासारख्या हौशी लोकांच्या बादलीतून गेला.

तेव्हा शाळेने सकर आणूच नये. काचेवरचे शेवाळ जुन्या कापडाने पुसले की निघते, आणि ते काम शनिवारी पाळीपाळीने मुलांना द्यावे. पेटीतला कोणताही मासा, गप्पीसुद्धा, ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नये. मासे बदलताना काढलेले पाणीदेखील नाल्यात न ओतता झाडांच्या आळ्यात घालावे, कारण त्यात पिल्ले आणि वनस्पतींचे तुकडे असतात. मासे जास्त झाले तर जवळच्या शाळेला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. तो बहुधा घेतो. गप्पी फार झाल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. डासांच्या अळ्यांसाठी त्यांना गप्पी हव्या असतात, आणि त्या कुठल्या हौदात सोडायच्या हे तिथले कर्मचारी ठरवतात; आपण परस्पर सोडू नयेत.

एक अडचण दरवर्षी येते, ती उन्हाळी सुटीची. शाळा बंद, वीज बंद, पाणी तापलेले. सुटी लागण्यापूर्वी पेटी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीशी, जिथे दुपारचे ऊन येत नाही तिथे हलवा. अर्थात पाणी उपसून मगच. गावातच राहणाऱ्या दोन मुलांची नावे ठरवून द्या. त्यांनी दिवसाआड यावे, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे टाकावे, आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि मासे मोजून वहीत लिहून ठेवावेत. काही मेलाच, तर तो त्याच दिवशी बाहेर काढावा, पेटीत तसाच राहू देऊ नये. वही शाळा उघडल्यावर गुरुजींनी पाहावी.